सही तिची एकटीची

“शेवटची पाळी कधी आली होती?”

केसपेपरवर नाव आणि वय लिहून झालं की पहिला प्रश्न हा असतो, आणि बहुतेकींकडे त्याचं उत्तर तारखेत नसतं. ते सणात असतं, नाहीतर घरातल्या कार्यात. “नागपंचमीच्या आदल्या दिवशी.” “नणंदेचं डोहाळजेवण झालं ना, त्याच आठवड्यात.” सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी वर्षानुवर्षं स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करणाऱ्या डॉक्टर मॅडमनी यासाठी भिंतीवरचं कालनिर्णय उतरवून टेबलावरच ठेवलं आहे. मागची पानं उलटून त्या सणावरून तारीख काढतात, पेनानं टिंब देतात आणि तिथून आठवडे मोजत आजच्या दिवसापर्यंत येतात. मोजून झालं की समोरची बाई हमखास चमकते. पाळी चुकून पंधरा दिवस झाले एवढाच तिचा हिशेब असतो; मॅडम म्हणतात, सहा आठवडे. गर्भाचं वय संबंध आला त्या दिवसापासून धरत नाहीत, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतात. पाळी वेळेवर येणाऱ्या बाईची ती चुकली, त्याच दिवशी चार आठवडे जमा झालेले असतात.

हा आकडा नीट ऐकून घ्यायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी गर्भपात करता येतो. बारा आठवड्यांपर्यंत सक्शनचं छोटं काम असतं. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीसमध्ये दोघांचं लागतं, आणि तेही ठरावीक परिस्थितीतल्या बायकांनाच मिळतं. त्यापुढे वैद्यकीय मंडळ, नाहीतर कोर्ट.

बाळंतपणाच्या गोष्टी आपल्याकडच्या बायका टाके किती पडले याच्यासकट सांगतात. गर्भपाताची गोष्ट सख्ख्या बहिणीलाही अर्धीच सांगितली जाते. त्यामुळे त्या खोलीत जाणारी प्रत्येक जण आपण जणू पहिल्याच अशा भावनेनं जाते. तिच्या आईनं किंवा सासूनं कधीकाळी तेच केलेलं असलं तरी. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अभ्यासाचा अंदाज असा, की २०१५ या एका वर्षात भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले. त्यातले जवळपास तीन चतुर्थांश दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन. म्हणजे बहुसंख्य बायका या खोलीपर्यंत पोचतच नाहीत. ज्या पोचतात, त्यांना तिथे काय विचारतात, काय तपासतात आणि कुठं अडवतात, ते पाहण्यासारखं आहे.

दवाखाना कुठला, इथून सुरुवात होते. गर्भपात करायला डॉक्टरकडे ॲलोपॅथीची पदवी आणि स्त्रीरोगाचं ठरलेलं प्रशिक्षण किंवा अनुभव लागतो. आयुर्वेद-होमिओपॅथीच्या डॉक्टरांना कायद्यानं ती परवानगी नाही. डॉक्टरइतकीच जागाही मान्यताप्राप्त असावी लागते. सरकारी रुग्णालयाला वेगळी मान्यता नको. खासगी दवाखान्याला ती जिल्हास्तरीय समिती देते आणि तिचं प्रमाणपत्र, म्हणजे ‘फॉर्म बी’, दर्शनी भागात लावायचं असतं. मॅडमच्या दवाखान्यात ते गोंदवलेकर महाराजांच्या तसबिरीच्या बाजूला, बरोबर डोळ्यांच्या उंचीवर आहे. त्याच्याशेजारी दुसरी पाटी, सगळ्या महाराष्ट्राच्या ओळखीची: येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. दोन पाट्यांमधला फरक फारच थोड्या लोकांना कळतो. कित्येकांना वाटतं, दुसरी पाटी लावली आहे म्हणजे पहिली गोष्ट बेकायदा आहे.

काउंटरवरची मुलगी “कशासाठी आलात?” असं सगळ्यांदेखत विचारते. मागे बाकावर गावातलीच माणसं असतात. तिला खरं उत्तर देण्याची काही गरज नाही. “मॅडमशीच बोलायचंय” एवढं पुरतं. रोजच्या येणाऱ्या “पांढरं जातंय” किंवा “पाळीचा त्रास आहे” असं सांगून मोकळ्या होतात. आत काय घडलं हे बाहेर न सांगण्याची जबाबदारी डॉक्टरवर आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर तिला दातही आले आहेत: कायद्यानं अधिकार असलेल्या व्यक्तीखेरीज कुणालाही बाईचं नाव किंवा तपशील सांगितला तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

मॅडमच्या खोलीत शिरल्यावर पहिल्यांदा होतं ते हे, की बरोबरच्या माणसाला बाहेर पाठवलं जातं. “मावशी, जरा बाहेर बसा, तपासायचंय.” तपासणी लगेच होत नसते. सासू समोर असली की प्रत्येक प्रश्नाचं उत्तर सासू देते, अगदी पाळीच्या तारखेचंसुद्धा. एकटी असली की मॅडम खुर्ची जवळ ओढून विचारतात, “तुला काय करायचंय?” हा प्रश्न दोन्ही बाजूंनी लागतो. मूल नको असणारीला घरचे ‘पहिलंच आहे, राहू दे’ म्हणून ओढत असतात. आणि दोन मुली असणारीला, तिची इच्छा नसताना, कुठून तरी काहीतरी कळून आल्यासारखे तिसऱ्या वेळी घेऊन आलेले असतात. “एकटीला विचारलं की पाचातली एक तरी वेगळं बोलते,” असं मॅडम म्हणतात. हा त्यांचा अंदाज आहे, मोजदाद नव्हे. पण ज्या दवाखान्यात हा प्रश्न एकटीला विचारत नाहीत, तिथली बाकीची तपासणी कितीही आधुनिक असली तरी ती सल्लामसलत अपुरीच म्हणायला हवी.

मग नेहमीची विचारपूस. आधीची बाळंतपणं किती, सिझर झालंय का, तांबी बसवलेली आहे का, दमा, फिट्स, रक्तदाब, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या. या यादीत एक प्रश्न असा आहे ज्याला निम्म्याअधिक जणी नकार देतात आणि जो सगळ्यांत महत्त्वाचा असतो: “आधी काही खाल्लंय का?” खाल्लेलं असतं. नवऱ्यानं शेजारच्या तालुक्यातल्या मेडिकलमधून आणलेलं पाकीट, अर्धवट घेतलेलं किंवा चुकीच्या क्रमानं. कधी पपई, कधी गूळ-तीळ-ओव्याचा काढा, आणि त्याच्याबरोबर गोळ्याही. डॉक्टर ओरडतील म्हणून सांगायचं नाही. ओरडणारे डॉक्टर आहेतच. तरीही सांगावं, कारण गोळ्या घेऊन अर्धवट झालेल्या गर्भपाताचा उपचार वेगळा असतो, आणि गर्भ नळीत राहिलेला असेल तर गोळ्या त्याला काहीच करत नाहीत. तो वाढत राहतो आणि नळी फुटली तर जीव जातो.

वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, रक्तगट. रक्तगट निगेटिव्ह निघाला तर पुढच्या बाळंतपणात घोटाळा होऊ नये म्हणून बहुतेक ठिकाणी अँटी-डीचं इंजेक्शन सुचवतात. हिमोग्लोबिन फारच खाली असेल तर घरी रक्तस्राव होऊ देणं धोक्याचं, म्हणून गोळ्यांऐवजी सक्शन सुचवतात किंवा दाखल करून घेतात.

आता सोनोग्राफी. गर्भपाताचा कायदा ती मागत नाही. पण आठवडे किती आणि गर्भ पिशवीतच आहे ना, हे एका नजरेत कळतं, म्हणून जवळजवळ सगळे डॉक्टर ती करवून घेतात. सुरुवातीच्या आठवड्यांत पोटावरून नीट दिसत नाही, म्हणून आतून करतात: निरोध चढवलेली बोटाएवढी जाड नळी योनीत घालून. हे आधी सांगण्याचं सौजन्य फार कमी ठिकाणी दिसतं. आपण विचारावं, थांबवावं, बाई डॉक्टर किंवा सिस्टर खोलीत असावी असा आग्रह धरावा. पडदा दुसरीकडे वळवा असंही सांगता येतं. सहाव्या-सातव्या आठवड्यात ठोक्याची चमक दिसते. काहींना ती पाहायची असते, काहींना नसते, आणि “बघा, बाळ बघा” असं म्हणत तो पडदा मुद्दाम समोर धरणं हा वैद्यकीय सल्ला नव्हे.

सोनोग्राफीच्या टेबलावर चढण्याआधी आणखी एक कागद येतो, ‘फॉर्म एफ’. हा गर्भपाताचा नाही, लिंगनिदानबंदीचा. त्यात पत्ता, आधीची मुलं किती आणि त्यात मुलगे-मुली किती, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव. अविवाहित मुली इथं येऊन अडखळतात. पुण्यात नोकरीसाठी राहणाऱ्या एकीनं सांगितलं, की रिसेप्शनवर तिनं हा रकाना कोरा ठेवला, तर तिथल्या बाईनं पेन तिच्याकडे परत सरकवत मोठ्यानं विचारलं, “मिस्टरांचं नाव?” वडिलांचं नाव लिहिलं तरी चालतं, हे त्या बाईला ठाऊक नसावं असं नाही.

सोनोग्राफीवरची एवढी करडी नजर महाराष्ट्रानं स्वतःच्या करणीनं ओढवून घेतली आहे. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातला पहिला कायदा आपल्या राज्यानं १९८८ मध्ये केला. केंद्राचा १९९४ चा. तरी २०१२ मध्ये मुलींचे गर्भ पाडण्याचं परळीचं प्रकरण उघडकीला आलं, २०१७ मध्ये सांगलीजवळच्या म्हैसाळमध्ये एका बाईच्या मृत्यूनंतर एकोणीस भ्रूण उकरून काढावे लागले. अशा प्रत्येक प्रकरणानंतर छापे पडतात, रजिस्टरं तपासली जातात आणि औषध दुकानदार गर्भपाताच्या गोळ्या ठेवणंच बंद करतात. आता यातला तर्क पाहा. गोळ्यांचं काम नवव्या आठवड्यापर्यंत. सोनोग्राफीत लिंग ओळखता येऊ लागतं ते साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्याच्या सुमाराला. मुलगी आहे म्हणून पाडणाऱ्याला या गोळ्यांचा उपयोगच नाही. दुकानातून त्या नाहीशा झाल्या की सहाव्या आठवड्यात आलेली बाई नाडली जाते आणि तिचे आठवडे वाढतात. मुलीच्या बचावासाठी म्हणून केलेल्या कारवाईचा भार बायकांनी उचलायचा, ही आपल्या प्रशासनाची जुनी खोड आहे.

तपासणी झाली की मॅडम कागदाचा गठ्ठा पुढे घेतात आणि विचारतात, “कारण काय लिहू?”

हा प्रश्न उद्धट वाटतो, पण तो कायद्यानं त्यांच्या तोंडी घातला आहे. १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा बाईला हक्क देत नाही. तो डॉक्टरला संरक्षण देतो. गर्भपात करणं हा इंग्रजांच्या काळापासून गुन्हा आहे, पूर्वी दंडविधानाच्या ३१२ कलमाखाली आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ८८ कलमाखाली; स्वतःचा गर्भ पाडणारी बाईही त्यात येते. १९७१ च्या कायद्यानं एवढंच म्हटलं, की अमुक अटी पाळून नोंदणीकृत डॉक्टरनं तो केला तर त्या डॉक्टरला गुन्हेगार समजू नये. याची वाट ज्या समितीनं तयार केली, तिचे अध्यक्ष शांतिलाल शहा, आपल्याच राज्याचे त्या वेळचे आरोग्यमंत्री. १९६४ मध्ये समिती नेमली, १९६६ मध्ये अहवाल आला, १ एप्रिल १९७२ पासून कायदा लागू झाला. चोरून केलेल्या गर्भपातांत मरणाऱ्या बायका ही समितीपुढची खरी काळजी होती, आणि लोकसंख्येची चिंता तेव्हा प्रत्येक सरकारी खोलीत बसलेली होतीच. बाईची मर्जी हा त्या चर्चेचा मुख्य विषय नव्हता.

म्हणून डॉक्टरला ‘मत’ बनवावं लागतं: जिवाला धोका, शारीरिक किंवा मानसिक आरोग्याला गंभीर इजा, बाळात गंभीर व्यंग, बलात्कार, किंवा गर्भनिरोधक साधन निकामी ठरणं. शेवटचं कारण मूळ कायद्यात फक्त ‘विवाहित स्त्री आणि तिचा नवरा’ यांच्यापुरतं होतं. २०२१ मध्ये तिथं ‘कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार’ आलं. प्रत्यक्षात फार मोठ्या संख्येनं कागदांवर हेच कारण लिहिलं जातं. निरोध फाटला होता का, गोळी विसरली होती का, हे कुणी पडताळून पाहत नाही. “मला आत्ता मूल नकोय” हे जगातलं सगळ्यांत सरळ कारण आहे, आणि त्यासाठी मात्र त्या यादीत जागा नाही. मॅडम ते ऐकतात आणि ‘साधन निकामी’ लिहितात. निम्म्या शतकाची ही तडजोड आहे, आणि तिच्यावर लाखो बायका सुखरूप घरी गेल्या आहेत. पण त्या चांगल्या डॉक्टरच्या भरवशावर गेल्या आहेत, हे विसरायला नको.

आता ‘फॉर्म सी’. संमतिपत्र. अर्ध्या पानाचा कागद: मी अमुक, तमुकची मुलगी किंवा पत्नी, वय इतकं, राहणार अमुक ठिकाणी, माझ्या गर्भपाताला संमती देते. खाली सही किंवा अंगठा. एवढंच. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या बाईच्या बाबतीत कायदा दुसऱ्या कुणाचीही सही मागत नाही. नवऱ्याची नाही, आईची नाही, सासऱ्याची तर नाहीच नाही. त्या सहीखाली आणखी एक भाग छापलेला असतो, पालकाच्या संमतीचा. तो अल्पवयीन मुलीसाठी किंवा मानसिक आजार असलेल्या बाईसाठी. आणि काही दवाखान्यांत नेमकी हीच मोकळी जागा दिसते म्हणून तिथं नवऱ्याला सही करायला बसवतात.

का मागतात? डॉक्टरांची बाजूही आहे. उद्या नवरा चार माणसं घेऊन आला आणि काचा फोडल्या तर? तालुक्याच्या गावी हे घडतं. पण ही दवाखान्यानं स्वतःच्या बचावासाठी घातलेली अट आहे, आणि ती कायद्याच्या नावानं सांगितली जाते. सर्वोच्च न्यायालयानं २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात हे साफ शब्दांत सांगितलं: घरच्यांची संमती, जास्तीची कागदपत्रं, कोर्टाची परवानगी अशा कायद्याबाहेरच्या अटी डॉक्टरांनी घालू नयेत. त्याच निकालानं अविवाहित बाईलाही वीस ते चोवीस आठवड्यांच्या तरतुदीचा लाभ दिला, आणि गर्भपाताच्या कायद्यापुरतं नवऱ्यानं केलेल्या बळजबरीलाही बलात्कार मानलं. सोलापूरकडच्या एका कार्यकर्तीनं यावर आपली रीत बसवली आहे. नवऱ्याची सही मागितली की ती भांडत नाही. ती म्हणते, “ठीक आहे डॉक्टर, ही अट लेटरहेडवर लिहून द्या.” आजवर एकानंही लिहून दिलेलं नाही, आणि बहुतेकांनी नंतर काम करून दिलं आहे.

मुलगी अठराच्या आतली असेल तर मात्र पालकाची सही लागते आणि २०१२ चा पोक्सो कायदा मध्ये येतो. अठराखालचा कुठलाही संबंध कायद्यानं गुन्हा असल्यामुळे डॉक्टरनं पोलिसांना कळवणं बंधनकारक. या धास्तीनं मुली आणि त्यांच्या आया कुठल्या तरी गल्लीतल्या भोंदूकडे जात. २०२२ च्या त्या निकालानं इथंही थोडी फट ठेवली: कळवताना, मुलीनं आणि पालकांनी विनंती केली तर, तिचं नाव आणि ओळख डॉक्टरनं उघड करण्याची गरज नाही. ही सोय अजून कितीतरी डॉक्टरांपर्यंतच पोचलेली नाही.

कागद झाले की मग पद्धतीचं बोलणं. नऊ आठवड्यांच्या आत असेल तर गोळ्या की सक्शन, हे बाईनं ठरवायचं. गोळ्यांमध्ये पहिली, मिफेप्रिस्टोन, बहुधा डॉक्टरसमोरच घेतात. तिनं सहसा काही जाणवत नाही. एक-दोन दिवसांनी दुसऱ्या, मिसोप्रोस्टॉलच्या, आणि काही तासांत पोटात कळा येऊन रक्तस्राव सुरू होतो. तो पाळीपेक्षा जास्त असतो, गाठी पडतात, थंडी वाजते, जुलाब होतात. हे सगळं आधी सांगितलेलं असेल तर बाई घाबरत नाही. सांगितलेलं नसेल तर रात्री दोन वाजता रिक्षा शोधत फिरते. खरी घाबरण्याची खूण वेगळी: लागोपाठ दोन तास, तासाला दोन मोठी पॅड पूर्ण भिजणं, दुसऱ्या दिवशीही न उतरणारा ताप, घाण वासाचा स्राव, चक्कर. तेव्हा सकाळची वाट पाहायची नाही. शंभरातल्या काही जणींना शेवटी सक्शन लागतं, हेही आधीच ऐकून ठेवावं. एक खोलीचं घर, सामाईक संडास, शेजारी दीर-जाऊ, अशा ठिकाणी गोळ्या घेणं किती कठीण आहे हे मॅडमच विचारतात. “संडास घरात आहे का गं?” हा प्रश्न कुठल्या वैद्यकीय पुस्तकात असेल असं वाटत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे, नीट माहिती, चांगल्या प्रतीचं औषध आणि गरज पडली तर दवाखाना हाताशी असेल तर बारा आठवड्यांपर्यंत बाई हे घरी स्वतः करू शकते. आपला कायदा अजून तिथं आलेला नाही.

सक्शनचं काम पाच-दहा मिनिटांचं. प्लॅस्टिकची बारीक नळी आणि हातानं ओढायची मोठी सिरिंज, नाहीतर छोटं मशीन. भूल किती द्यायची यावर उपाशीपोटी यायचं की नाही ते ठरतं. संध्याकाळी घरी जाता येतं. इथं एक गोष्ट मुद्दाम विचारावी: सक्शन करणार की क्युरेटिंग? धातूच्या धारदार चमच्यानं पिशवी खरवडण्याची ती जुनी पद्धत सोडून द्या, असं जागतिक आरोग्य संघटना केव्हापासून सांगते आहे. आपल्या कित्येक नर्सिंग होममध्ये ती सुरूच आहे. आणि “पहिलं पाडलं तर पुढे राहत नाही” हे वाक्य कुणी ऐकवलं, अगदी डॉक्टरनं ऐकवलं तरी, सुरक्षित गर्भपाताला ते लागू नाही.

या सगळ्याची नोंद ज्या रजिस्टरात होते, त्यात धर्माचासुद्धा रकाना आहे; तो कशासाठी, याचं उत्तर मला कुणाकडून मिळालं नाही. पण ते रजिस्टर गोपनीय असतं. इतर केसपेपरवर बाईचं नाव न घालता रजिस्टरातला फक्त अनुक्रमांक घालायचा, संमतिपत्र पाकिटात मोहोरबंद करायचं, आणि दर महिन्याला वर जातात ते नुसते आकडे. नोकरी करणाऱ्या बाईनं मागितलं तर रजेसाठी दाखला देता येतो. कायद्यानं गर्भपातानंतर सहा आठवड्यांची भरपगारी रजा आहे, हे या लेखासाठी भेटलेल्या नोकरदार बायकांपैकी एकीलाही ठाऊक नव्हतं. अर्थात, ठाऊक असतं तरी साहेबाला तो दाखला नेऊन दाखवला असता का, हा वेगळा प्रश्न. एकीनं कावीळ सांगितली होती.

वीस आठवड्यांनंतर येणाऱ्या बायकांबद्दल लोकांना वाटतं, या इतके दिवस झोपल्या होत्या का? पहिल्या खोलीत नवऱ्याची सही नाही म्हणून परत गेलेली, दुसरीकडे पैसे नाहीत म्हणून थांबलेली, अंगावर पाजते म्हणून पाळीच नसलेली, पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत व्यंग कळलेली, अशा त्या असतात. दोन डॉक्टरांच्या मतानं चोवीस आठवड्यांपर्यंतची मुभा बलात्कार पीडितांना, अल्पवयीन मुलींना, गरोदरपणात वैधव्य किंवा घटस्फोट वाट्याला आलेल्यांना, अपंग आणि मनोरुग्ण बायकांना, बाळात गंभीर व्यंग असल्यास आणि आपत्तीच्या परिस्थितीत. ही मर्यादा वाढवायला तेरा वर्षं लागली. २००८ मध्ये मुंबईतलं एक जोडपं आणि त्यांचे डॉक्टर निखिल दातार उच्च न्यायालयात गेले होते. बाळाच्या हृदयात दोष होता आणि वीस आठवड्यांची तेव्हाची मर्यादा उलटली होती. न्यायालयानं नकार दिला. दुरुस्त कायदा २४ सप्टेंबर २०२१ ला लागू झाला. चोवीसच्या पुढे मंडळ फक्त बाळातल्या गंभीर व्यंगासाठी परवानगी देऊ शकतं, आणि अर्ज आल्यापासून तीन दिवसांत मत द्यायचं, पाच दिवसांत काम व्हायला हवं असा नियम आहे. त्यात न बसणाऱ्या कोर्टाच्या पायऱ्या चढतात आणि निकाल न्यायमूर्तींप्रमाणे बदलतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये दोन मुलांच्या एका आईला सर्वोच्च न्यायालयानं आधी परवानगी दिली, मग दोन न्यायमूर्तींत मतभेद झाले, आणि शेवटी सव्वीस आठवडे उलटून गेल्यावर नाकारली. ती अंगावर पाजत होती, म्हणून तिला उशिरा कळलं होतं.

पंधराव्या दिवशी परत यायचं असतं, गर्भपात पूर्ण झाला का ते पाहायला. घरी लघवीची तपासणी करून घाबरू नये. सगळं नीट होऊनही ती काही आठवडे ‘पॉझिटिव्ह’ दाखवू शकते. निम्म्या जणी येतच नाहीत. मॅडमचा नंबर फोनमध्ये ‘ब्लाउजवाली’ म्हणून ठेवलेला असतो, “बरं आहे” एवढा निरोप येतो आणि विषय संपतो. यावं ते आणखी एका कारणासाठी: गर्भपातानंतर दुसऱ्याच आठवड्यात पुन्हा बीज सुटू शकतं. तांबी, इंजेक्शन, गोळ्या, निरोध, काय घ्यायचं ते या भेटीत ठरतं. सरकारी रुग्णालयांत “तांबी बसवलीस तरच काम करू” किंवा “ऑपरेशन करून घे” अशी अट घातल्याच्या तक्रारी जुन्या आहेत. तशी अट कायद्यात नाही.

बाहेर बाकावर नवरा बसलेला असला तर मॅडम त्यालाही आत बोलावतात. नसबंदीचं समजावून सांगतात: टाका नाही, थोड्या वेळाचं काम, बायकोच्या ऑपरेशनपेक्षा कितीतरी सोपं. आणि यालाही फक्त तुमचीच सही लागते, बायकोची लागत नाही. तो मान डोलावतो, रिपोर्टची पिशवी उचलतो आणि म्हणतो, “घरी विचारून सांगतो.”